रुपयांत आलेला पैसाही विदेशी असू शकतो: परदेशी सरकारी मदत घेऊ पाहणाऱ्या छोट्या संस्थांसाठी

अकोले तालुक्यातील एका जिल्हा परिषद शाळेच्या व्हरांड्यात जून २०२१ मध्ये मुलांनी माती भरून ठेवलेल्या बाराशे पिशव्या रांगेने उभ्या होत्या. त्यांत हिरडा, जांभूळ आणि करंज यांचे बी टोचलेले होते, आणि प्रत्येक पिशवीवर ती सांभाळणाऱ्या मुलाचे नाव खडूने लिहिलेले होते. त्याच आठवड्यात आमच्या लेखापरीक्षकांनी बँकेच्या पासबुकातील एका नोंदीवर बोट ठेवून विचारले, "हे चार लाख वीस हजार मूळ कुणाचे?" मी उत्तर दिले की मुंबईतील एका मोठ्या संस्थेचे. त्यांनी पुन्हा विचारले, "आणि त्यांच्याकडे कुणाकडून आले?" या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला ठाऊक होते, पण त्याचा अर्थ ठाऊक नव्हता. तो अर्थ कळायला मला जी किंमत मोजावी लागली, ती तुम्हाला मोजावी लागू नये, यासाठी हे लिहितो आहे.

विश्वस्त संस्थेची नोंदणी, धर्मादाय आयुक्तांकडे सादर करायचे हिशेब, करसवलतीसाठीच्या बारा-ए आणि ऐंशी-जी या नोंदण्या आणि स्वयंसेवी संस्थांची नोंद ठेवणाऱ्या नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवरील क्रमांक या गोष्टी तुम्ही केलेल्या आहेत, असे मी गृहीत धरतो. विदेशी देणगी घेण्यासाठी विदेशी अंशदान विनियमन कायदा, २०१० म्हणजेच एफसीआरए लागू होतो, हेही तुम्ही ऐकलेले असेल. मीही ऐकलेले होते. मात्र माझ्या मनात त्याचे चित्र असे होते की डॉलर किंवा युरो थेट आपल्या खात्यात आले, तरच तो कायदा लागू होतो. आमच्याकडे तर धनादेश रुपयांत आला होता, मुंबईच्या बँकेवरचा होता आणि देणारी संस्था भारतीय होती.

हा समज पूर्णपणे चुकीचा आहे. कायदा चलन पाहत नाही, तो स्रोत पाहतो. परदेशी सरकार हा विदेशी स्रोत आहे; त्यामुळे एखाद्या दूतावासाने दिल्लीतील आपल्या खात्यातून रुपयांत रक्कम दिली तरी ती विदेशी देणगीच ठरते. विदेशी स्रोताकडून मिळालेली रक्कम एका किंवा अनेक हातांतून फिरत आली, तरी तिचे स्वरूप बदलत नाही. त्या रकमेवर बँकेत जमा झालेले व्याजही विदेशी देणगीतच मोजले जाते. आमच्या बाबतीत एका परदेशी सरकारने शालेय पर्यावरण शिक्षणासाठी त्या मोठ्या संस्थेला अनुदान दिले होते आणि त्यातील आमच्या तालुक्याचा वाटा तिने "कार्यक्रम सहकार्य" या नावाखाली आमच्याकडे वळता केला होता. आमच्याकडे एफसीआरए नोंदणी नव्हती आणि पूर्वपरवानगीही नव्हती.

हा व्यवहार दोन्ही बाजूंनी चुकीचा होता. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीपूर्वी नोंदणीकृत संस्थेला विदेशी देणगीचा काही भाग काही अटींवर दुसऱ्या संस्थेकडे देता येत असे. त्या दुरुस्तीने कलम ७ बदलले आणि असे हस्तांतरण सरसकट बंद झाले; घेणाऱ्या संस्थेकडे स्वतःची एफसीआरए नोंदणी असली तरीही ते चालत नाही. ग्रामीण भागातील छोट्या संस्था वर्षानुवर्षे मोठ्या संस्थांच्या भागीदार म्हणूनच उभ्या राहिल्या होत्या, त्यामुळे या एका ओळीच्या बदलाचा घाव सर्वाधिक त्यांच्यावर बसला. मला हा बदल आजही अन्यायकारक वाटतो आणि मी तसे उघडपणे म्हणतो. परंतु कायदा अन्यायकारक वाटणे आणि तो आपल्याला लागू नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कायद्याविरुद्ध विदेशी देणगी स्वीकारली तर पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. "छोट्या संस्थेकडे कोण बघतो" असे सांगणारे लोक तुम्हाला भेटतील. त्यांचे ऐकू नका.

लेखापरीक्षकांच्या सल्ल्याने आम्ही सर्व घटनाक्रम तारखांसह लिहून काढला, विश्वस्तांचा ठराव केला आणि पूर्ण रक्कम परत केली. त्यातील एक लाख पस्तीस हजार रुपये पिशव्या, शेडनेट, प्रवास आणि दोन कार्यकर्त्यांचे मानधन यांवर आधीच खर्च झाले होते. ती भर आम्ही विश्वस्तांच्या खिशातून आणि तालुक्यातील देणगीदारांकडून घातली. एका कार्यकर्तीला मला सांगावे लागले की पुढच्या महिन्यापासून मानधन देता येणार नाही, आणि ती काहीही न बोलता हजेरीपुस्तक टेबलावर ठेवून घरी गेली.

या प्रसंगानंतर मी एक सवय लावून घेतली. कोणत्याही देणगीदाराशी पहिली बोलणी होतात तेव्हाच मी लेखी विचारतो की ही रक्कम तुमच्या कोणत्या खात्यातून येणार आहे आणि त्या खात्यात ती कुठून आली. हा प्रश्न विचारल्याने देणगीदार रागावतो, अशी भीती नवख्यांना वाटते. प्रत्यक्षात जबाबदार देणगीदाराला हा प्रश्न आवडतो. आणि ज्याला तो आवडत नाही, त्याचा पैसा न घेतलेलाच बरा. "हस्तांतरण नको, आपण सेवाशुल्काचे बिल करू" असा तोडगा सुचवला गेला, तर सावध व्हा. खरोखर व्यावसायिक सेवा दिली असेल तर तिचे शुल्क देणगीत मोडत नाही हे खरे आहे, पण अनुदानालाच बिलाचा पोशाख चढवणे ही वेगळी गोष्ट आहे आणि ती तपासणीत टिकत नाही.

इथे दोन अपवाद सांगणे आवश्यक आहे, कारण घाबरून चांगली संधी सोडलेल्या संस्थाही मी पाहिल्या आहेत. संयुक्त राष्ट्रे आणि तिच्या विशेष संस्था, जागतिक बँक आणि आंतरराष्ट्रीय नाणेनिधी यांना कायद्याने विदेशी स्रोताच्या व्याख्येतून वगळलेले आहे. सिंधुदुर्गच्या किनाऱ्यावर सागरी जैवविविधतेसाठी जागतिक पर्यावरण सुविधा आणि संयुक्त राष्ट्रे विकास कार्यक्रम यांच्या साहाय्याने जो प्रकल्प झाला, तशा प्रकल्पांत स्थानिक गटांना काम मिळू शकते; तरीही आपल्यापर्यंत पोहोचणारी रक्कम मधल्या कोणत्या हातांतून आली, याची लेखी खात्री करून घ्यावी. दुसरा अपवाद परदेशातील आपल्या माणसांचा आहे. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम विदेशी देणगी ठरत नाही. मात्र त्याच व्यक्तीने अमेरिकेचे नागरिकत्व घेतले असेल, तर भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड असूनही ती विदेशी स्रोत ठरते. गावचा मुलगा न्यू जर्सीहून शाळेसाठी पैसे पाठवतो तेव्हा त्याचा पासपोर्ट विचारायला संकोच वाटतो. तो संकोच बाजूला ठेवावा.

आता नोंदणीविषयी. नोंदणीसाठी संस्था किमान तीन वर्षे कार्यरत असावी लागते आणि मागील तीन आर्थिक वर्षांत तिने आपल्या मुख्य उद्दिष्टांवर किमान पंधरा लाख रुपये खर्च केलेले असावे लागतात. आमच्यासारख्या संस्थेला हा आकडा गाठणे अवघड होते. अशा वेळी पूर्वपरवानगीची वाट आहे: एक ठरावीक देणगीदार, ठरावीक रक्कम आणि ठरावीक काम यांसाठी देणगीदाराचे वचनपत्र आणि प्रकल्प अहवाल जोडून अर्ज करायचा. एप्रिल २०२५ पासून अशी परवानगी मिळाल्यावर रक्कम तीन वर्षांत स्वीकारणे आणि चार वर्षांत खर्च करणे बंधनकारक आहे, हे वेळापत्रक करतानाच लक्षात घ्यावे. दोन्ही वाटांवर भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्लीतील संसद मार्गावरील मुख्य शाखेत एफसीआरए खाते लागते. त्यासाठी दिल्लीला जावे लागत नाही, स्थानिक शाखेतून कागदपत्रे पाठवता येतात. त्या खात्यात विदेशी देणगीखेरीज एक रुपयाही भरू नका. गावच्या जत्रेतील देणगी चुकून तिथे जमा झाली तरी उत्तर द्यावे लागते.

पर्यावरणाचे काम करणाऱ्यांनी एक बाब विशेष पाहावी. कायद्यात सांस्कृतिक, आर्थिक, शैक्षणिक, धार्मिक आणि सामाजिक असे पाचच प्रकारचे कार्यक्रम आहेत आणि पर्यावरणाचे नाव त्यांत नाही. शाळेतील रोपवाटिका, निसर्गशिक्षण, शिक्षकांचे प्रशिक्षण हे शैक्षणिक कार्यक्रमात बसते. पाणलोट, वनसंवर्धन, उपजीविका हे बहुतेक वेळा सामाजिक कार्यक्रमात मांडले जाते. आपल्या न्यासपत्रातील उद्दिष्टे, अर्जातील कार्यक्रम आणि प्रत्यक्षातील खर्च या तिन्हींची भाषा एकच असली पाहिजे. आमच्या न्यासपत्रात केवळ "ग्रामविकास" असे होते. ते दुरुस्त करण्यात अनेक महिने गेले.

प्रशासकीय खर्चाची मर्यादाही २०२० मध्येच पन्नास टक्क्यांवरून वीस टक्क्यांवर आणली गेली. हे वाचून नवी संस्था हादरते, कारण तिचा बहुतांश खर्च माणसांवरच होत असतो. पण नियम नीट वाचले तर दिलासा आहे: संस्थेच्या उद्दिष्टांसाठी थेट काम करणाऱ्यांचे वेतन, उदाहरणार्थ शाळेतील शिक्षकांचे वेतन, प्रशासकीय खर्चात धरले जात नाही. मुलांना शिकवणारा कार्यकर्ता आणि कार्यालयात हिशेब ठेवणारा कार्यकर्ता यांची नियुक्तिपत्रे म्हणूनच वेगळी आणि स्पष्ट असावीत. कार्यालयाचे भाडे, वीज, वाहनाचा इंधनखर्च, अहवाललेखन आणि सल्लागारांची फी मात्र त्या वीस टक्क्यांतच बसवावी लागते.

याच सल्लागारांविषयी माझे मत कठोर आहे. "एफसीआरए करून देतो, मंजूर रकमेच्या इतके टक्के द्या" असे सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. मंजुरीचा शब्द कुणीही देऊ शकत नाही, आणि प्रपोजलमधील मजकूर एका संस्थेचा उचलून दुसरीला लावणारे हेच लोक असतात. आमच्या अकोले तालुक्यातील डोंगरांविषयीच्या एका मसुद्यात मला खारफुटीचा परिच्छेद सापडला होता. माझे खरे गुरू म्हणजे एक सेवानिवृत्त मुख्याध्यापक, ज्यांनी मला प्रत्येक बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी लिहायला लावले, आणि तालुक्यातील एक लेखापरीक्षक, ज्यांनी पहिल्या वर्षी फी घेतली नाही पण एकही कच्ची पावती स्वीकारली नाही. प्रपोजल लिहिणारा नंतर शोधा. हिशेब पाहणारा आधी शोधा.

परदेशी सरकारच्या पैशाविषयी आणखी एक गोष्ट समजून घ्यावी लागते, ती म्हणजे तो पैसा त्या देशाच्या राजकारणाबरोबर येतो आणि जातो. जर्मन सरकारच्या साहाय्याने आणि नाबार्ड या ग्रामीण विकास बँकेमार्फत आमच्याच अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात पाणलोटाचे जे काम झाले, त्याने संगमनेर तालुक्यातील दरेवाडीसारखी गावे बदलली. त्या कामांत गावाने आधी श्रमदान, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वीकारली होती, म्हणून निधी थांबल्यावरही बांध टिकले. उलट २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने परदेशी विकास मदत नव्वद दिवसांसाठी थांबवली, पुढे बहुतेक कार्यक्रम रद्द केले आणि १ जुलै २०२५ रोजी यूएसएड या तिथल्या सरकारी मदतसंस्थेचे काम परराष्ट्र खात्यात विलीन झाले. १९६१ पासून चालत आलेली यंत्रणा अर्ध्या वर्षात संपली. ब्रिटननेही २०२० मध्ये आपला आंतरराष्ट्रीय विकास विभाग परराष्ट्र खात्यात मिळवला. म्हणून एकाच सरकारच्या अनुदानावर सर्व कार्यकर्त्यांचे मानधन टांगून ठेवू नका. आम्ही ठरवले आहे की गावात राहून काम करणाऱ्या दोघांचे मानधन नेहमी स्थानिक देणग्यांतूनच द्यायचे.

पुढची शिस्त सोपी आहे. आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत, म्हणजे ३१ डिसेंबरपर्यंत, एफसी-४ हे विदेशी देणगीचे वार्षिक विवरणपत्र भरावे. वर्षभरात एकही रुपया आला नसला तरी ते भरावे लागते. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या किमान चार महिने आधी करावा. विश्वस्त किंवा पदाधिकारी बदलले तर तेही कळवावे लागते.

२०२३ मध्ये एका दूतावासाच्या छोट्या अनुदानासाठी आम्ही पूर्वपरवानगीचा अर्ज केला. नव्वद दिवसांत निर्णय अपेक्षित असतो. आम्हाला दोन शंकांची उत्तरे द्यावी लागल्याने त्याहून अधिक काळ लागला. त्या काळात रात्री झोप लागत नसे आणि मी एफसीआरएचे पोर्टल दिवसातून चार वेळा उघडून पाहत असे, त्याने काहीही बदलत नाही हे ठाऊक असूनही. परवानगी आली त्या दिवशी मी ती छापून लेखापरीक्षकांकडे नेली. त्यांनी रक्कम, देणगीदाराचे नाव आणि उद्देश या तीन ओळी वचनपत्राशी अक्षरशः जुळवून पाहिल्या आणि मगच मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मी आधी त्या कार्यकर्तीच्या घरी गेलो. तिने विचारले की या वेळी पैसे मूळ कुणाचे आहेत, आणि मी तिला कागद दाखवला.