वजीर मारला आणि चार चालींत मात झाली

अकराव्या चालीला मी समोरच्याचा वजीर मारला आणि पंधराव्या चालीला माझ्या राजावर मात झाली. त्या डावाने मला सगळ्यात जास्त शिकवलं, पण शिकायला जवळजवळ वर्ष लागलं. कारण ज्या रात्री हरले, त्याच रात्री मी त्याचं विश्लेषण 'उरकलं' होतं.

डाव असा. माझी पांढरी, इटालियन सुरुवात. माझं कॅसलिंग (राजाला हत्तीच्या आडोशाला नेणारी चाल) झालेलं, काळ्याचा राजा अजून पटाच्या मध्येच. सहाव्या चालीला उंट जी५ वर (अक्षर म्हणजे उभी पट्टी, आकडा म्हणजे आडवी ओळ) नेऊन त्याचा घोडा बांधला, म्हणजे तो हलला तर मागचा वजीर जाईल. त्याने एच६ आणि जी५ ही प्यादी ढकलत माझा उंट एच४ वरून जी३ वर पाठवला, आणि मग एच५ खेळला. आता जी५ च्या प्याद्याला जोर नव्हता. फुकटचं प्यादं! घोड्याने मारलं. तो एच४, उंटावर हल्ला. मी उंटाकडे दुर्लक्ष करून घोडा एफ७ वर घातला, वजीर आणि हत्ती दोघांवर एकदम. त्याने प्याद्याने उंट मारला, मी वजीर. हात थरथरत होते आनंदाने. त्याचा उंट जी४ वर आला, मी वजीर डी२ वर सरकवला. घोडा डी४ वर आला, मी एच३ करून उंट हाकलू पाहिला. घोडा ई२, शह. राजा कोपऱ्यात. हत्तीने एच३ चं प्यादं मारून शह. मी हत्ती मारला. उंट एफ३, मात.

घरी येऊन इंजिन, म्हणजे डाव तपासणारा संगणक प्रोग्रॅम, लावलं. चौदाव्या चालीवर लाल खूण: राजा कोपऱ्यात न नेता वजिराने घोडा मारायला हवा होता. मी वहीत लिहिलं, 'शह आल्यावर घाई केली', आणि झोपले.

नवीन लोकांनो, खड्डा इथे आहे. इंजिन चुकीची चाल दाखवतं, चुकीचा विचार दाखवत नाही. पुढच्या काही महिन्यांत मी असेच डाव हरत गेले. दर वेळी लाल खूण वेगळ्या चालीवर, म्हणून मला वाटायचं चुकाही वेगवेगळ्या आहेत. मग एका रविवारी इंजिन बंद ठेवून ते सगळे डाव पटावर मांडले आणि प्रत्येक चालीपाशी तेव्हा डोक्यात काय होतं ते आठवून लिहिलं. वजिराच्या डावात नवव्या चालीपाशी आठवलं ते एवढंच: 'प्यादं फुकट.' एच५ त्याने का खेळला असेल, हा प्रश्न मी स्वतःला विचारलाच नव्हता. दहाव्या चालीला तर तो समोर बसलाय हेच विसरले होते. ते प्यादं उंटाला मारत जी३ वर गेलं की एच-पट्टी त्याच्या हत्तीला मोकळी, आणि ती पट्टी थेट माझ्या राजाच्या अंगावर. बाकीच्या डावांतही हेच: मी काहीतरी खात होते आणि माझ्या राजासमोर पट्टी उघडत होती. एकच चूक, पंधरा कपडे घालून आलेली.

म्हणून डाव संपल्यावर आधी वही. कुठे घाबरलात, कुठे हावरटपणा केलात, कुठली चाल 'अशीच' खेळलात, हे त्याच दिवशी लिहा. दोन दिवसांनी मन खोटं बोलायला लागतं. इंजिन त्यानंतर, आणि तेही आपलं उत्तर तपासायला. आधी इंजिनचा आकडा (कोण किती वरचढ ते) बघितलात की तुमचा विचार तिथेच मेला, मग कितीही तास बसा. सुरुवातीचे सापळे पाठ करण्याचंही तेच. मला तो वेळेचा निव्वळ अपव्यय वाटतो, कुणाला राग आला तरी.

शिकवणाऱ्याबद्दलही सांगते. मला एक जण भेटले, माझ्याहून कितीतरी भारी खेळाडू. माझा डाव बघत ते भराभर चाली सुचवायचे, मी मान हलवायची. काही उरलं नाही. पुढे माझ्यापेक्षा थोड्याच वरच्या एका मैत्रिणीने दर चालीला नुसतं 'का?' विचारलं. तासाभरात घाम फुटला, पण ती बैठक आजही आठवते. 'का' विचारणारं माणूस शोधा, त्याचं रेटिंग नंतर बघा.

आणि लाज वाटून डाव पुसू नका. माजी जगज्जेते बोट्विनिक तर सांगायचे की आपलं विश्लेषण छापा, म्हणजे लोक त्यातल्या चुका काढतील. माझा डाव बाराव्या चालीपर्यंत जसाच्या तसा १८७४ मध्ये सेंट पीटर्सबर्गला रशियन खेळाडू चिगोरिनविरुद्ध झालेला आहे, हे मला खूप उशिरा कळलं. तिथेही पांढऱ्याने वजीर मारला होता आणि तोही हरला. त्याआधी १८६२ मध्ये लंडनला दुबुआ नावाचा इटालियन खेळाडू, पुढे जगज्जेता झालेल्या स्टाइनिट्झविरुद्ध, नवव्या चालीला याच जागी प्यादं न खाता एच४ खेळला. हरला तोही, पण खूप झुंजून. मग मी मागे मागे जात सहाव्या चालीवर आले: काळ्याचं कॅसलिंग बाकी असताना माझं उरकून मग तो घोडा बांधायची गरज होती का? प्यादी ढकलायला त्याला मोकळीक मीच दिली होती. इतक्या मागे कुठलीही लाल खूण नव्हती.

गेल्या महिन्यात पुन्हा एकाने माझ्या कॅसलिंगसमोर एच५ ढकललं, जी५ वर प्यादं तसंच उघडं. मी सहा मिनिटं हात मांडीवर ठेवून बसले. तो डावही शेवटी हरले, घोड्याच्या अंतिम डावात, एक्केचाळिसाव्या चालीला. वहीत नवव्या चालीपुढे लिहिलंय: 'एच-पट्टी कुणासाठी उघडतेय?'