बेने इस्राएल घराण्याचा कबरीवरचा दगड कसा वाचावा

बेने इस्राएल म्हणजे आम्ही कोकणातले मराठी बोलणारे ज्यू. अलिबागकडच्या आमच्या कबरस्तानात जायचं तर दिवाळीनंतर जा. पावसाळ्यात गवत कमरेएवढं, आणि शेवाळाखाली अक्षर दिसत नाही. पाण्याचा कॅन, मऊ ब्रश, बांबूची काडी आणि एक आरसा न्या. ॲसिड, ब्लीच, तारेचा ब्रश घरीच राहू द्या. ॲसिड संगमरवर खातं. आधी दगड भिजवा, मग खालून वर घासत या, म्हणजे मळाचे ओघळ कोरड्या भागावर बसत नाहीत. अक्षरांत खडू भरू नका. उन्हं कलल्यावर आरशाने उजेड आडवा पाडा, बुजलेलं अक्षरही उठून दिसतं.

मराठी ओळी तुम्हीच वाचाल. डोकं लागतं ते हिब्रू सालाला, कारण तिथे अक्षरं हेच आकडे. आमच्या पणजोबांच्या दगडावर तव, रेश, पे आणि हे अशी चार अक्षरं आहेत: 400, 200, 80 आणि 5, म्हणजे 685. पाच हजार लिहीत नाहीत, ते समजून घ्यायचे. 685 मध्ये 1240 मिळवले की 1925. पण हिब्रू वर्ष तिश्री महिन्यात, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास बदलतं. पणजोबा हेश्वानात, म्हणजे तिश्रीच्या पुढच्याच महिन्यात गेले, म्हणून त्यांचं साल 1924.

दगडाच्या तळाशी तव, नून, त्सादी, बेत, हे अशी पाच अक्षरं असतात. ती प्रार्थनेची आद्याक्षरं, साल नव्हे. त्यांची बेरीज करून 1240 मिळवलेत तर 1787 येईल आणि पणजोबा थेट पेशवाईत जाऊन बसतील!

पिढ्या जुळतात त्या ‘बेन’वरून. ‘शमुएल बेन दाविद’ म्हणजे दाविदचा मुलगा शमुएल. हाच माणूस मराठी ओळीत सामाजी असतो आणि इंग्रजीत सॅम्युएल. इस्राएलमधल्या अश्दोदच्या आमच्या भाच्याने वंशावळीत या एकाचे तीन भाऊ केले होते. बाईच्या दगडाकडे तर जास्तच लक्ष द्या. हिब्रूत ‘बात’ म्हणजे मुलगी, त्यानंतर तिच्या वडिलांचं नाव येतं, मराठीत बहुधा नवऱ्याचं. म्हणजे एकाच दगडावर सासर आणि माहेर दोन्ही सापडतात. आमच्या आजीचं माहेर पेणचं, हे असंच कळलं. घरात कुणाला आठवत नव्हतं.

वहीत ओळ जशी कोरली आहे तशीच उतरवा, पाथरवटाचं शुद्धलेखन सुधारायला जाऊ नका. फोटो आधी अख्ख्या दगडाचा घ्या, मग ओळीओळीचा, आणि डावी-उजवीकडच्या कबरींचाही, कारण शेजारी पुष्कळदा घरचंच माणूस असतं.