आरपीएम इंजिनला, चाल गिअरला

वडिलांच्या वेळचा ३५ एचपी ट्रॅक्टर रोटाव्हेटर मारताना ढेकळं सोडू लागला. सगळे म्हणाले, डिझेल पंप उतरवा. त्याआधी क्रँक पुलीवर चमकती पट्टी चिकटवून टॅकोमीटर (फेरे मोजायचं यंत्र) धरला. हँड थ्रॉटल पूर्ण ओढूनही इंजिनचे आरपीएम, म्हणजे मिनिटाचे फेरे, कमीच. मग पीटीओला, म्हणजे रोटाव्हेटर फिरवणाऱ्या मागच्या शाफ्टला, मिनिटाला ५४० फेरे मिळणार कुठून? पंपाचा आर्म वरच्या स्टॉप स्क्रूला टेकतच नव्हता, कारण थ्रॉटल रॉडचा बॉल जॉइंट झिजला होता. तो बदलला, लॉकनट सैल करून रॉडची लांबी जुळवली. सील असलेल्या स्क्रूला हात लावला नाही, लावूही नये.

ढेकळं फुटायला चालही कमी हवी होती. ती थ्रॉटलने कमी केली तर पीटीओही मंदावतो, म्हणून लो सेकंडवरून लो फर्स्टला आलो. ३० मीटरला ३६ सेकंद, म्हणजे ताशी ३ किमी. माती छान भुसभुशीत झाली. मागे मोठे टायर घातलेत? मग त्याच गिअरला चाल जास्त येणार.