अझोल्याचा वाफा दुसऱ्या महिन्यात का बसतो? या चुका टाळा

अझोला म्हणजे गुरांना खाऊ घालतात ते पाण्यावर तरंगणारं नेचं. पहिल्या पंधरवड्यात त्याचा पाण्याचा वाफा हिरवागार भरतो आणि पुढच्या महिना-दीड महिन्यात त्यात नुसतं काळं, वासाचं पाणी उरतं. दोष बियाण्यावर जातो. माझ्या मते बहुतेक वेळा कारण एकच असतं: भरलेला अझोला कोणी काढलेलाच नसतो.

पोषण मिळालं की हे नेचं झपाट्याने वाढतं, थरावर थर चढतो, खालच्याला ऊन मिळत नाही आणि तो कुजतो. 2 बाय 2 मीटरचा वाफा भरला की रोज अर्धा किलो काढायलाच हवा. त्या दिवशी गुरांना नको असेल तर कोंबड्यांना टाका, शेणखताच्या ढिगावर टाका, पण काढा.

वाढ मंदावली की काहीजण युरिया टाकतात. हे करू नका. अझोल्याच्या पानांच्या पोकळीत अ‍ॅनाबीना हे नीलहरित शेवाळ राहतं, ते हवेतला नत्र (नायट्रोजन, जो युरियातून मिळतो) धरून देतं. युरियाने वाफ्यात दुसरंच शेवाळ माजतं. अझोल्याला भूक असते स्फुरदाची (फॉस्फरसची). एवढ्या वाफ्याला दर 5 दिवसांनी 20 ग्रॅम सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो ताजं शेण पाण्यात कालवून द्या.

लाल पडला तर आधी नीट बघा. उन्हाकडची बाजूच लाल असेल तर शेडनेट बांधा. सगळाच लाल, पानं बारीक आणि मुळं लांबलेली असतील तर स्फुरद कमी पडलाय. कडाक्याच्या थंडीतही रंग बदलतो, तेव्हा खत वाढवून उपयोग नसतो.

पाणी 10 सेंटिमीटर ठेवा. नुसती भर घालत राहू नका, दर 10 दिवसांनी पाव हिस्सा पाणी बदला.

आता सगळ्यात महागात पडणारी चूक. अझोल्यात पंचवीस टक्के प्रथिनं असतात असं ऐकून पेंड एकदम बंद केली जाते आणि दूध घटतं. तो आकडा वाळलेल्या अझोल्याचा आहे. ओल्या अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. 2 किलो ओल्या अझोल्यातून जेमतेम 30 ग्रॅम प्रथिनं मिळतात, किलोभर सरकी पेंडीतून त्याच्या कितीतरी पट. म्हणून तो पेंडीच्या जोडीला द्या, जागी नको.

गाय तोंड लावत नसेल तर बहुधा शेणाचा वास राहिलेला असतो. बादलीवर चाळण ठेवून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवा. चाळणीतून खाली पडलेली बारीक रोपं वाफ्यात परत सोडा. सुरुवातीला मूठभरच, खुराकात मिसळून द्या.

आणि एका घमेल्यात, सावलीला, थोडा अझोला वेगळा ठेवा. वाफ्यात अळी पडली किंवा एप्रिलच्या उन्हाने तो बसला, तर बियाण्यासाठी दारोदार फिरावं लागत नाही.