लॅटिनमधला 'दोमुस' चालवताना या चुका टाळा

लॅटिनमध्ये घराला दोमुस म्हणतात. दुसऱ्या रूपावलीतल्या (रूपावली म्हणजे नाम चालवण्याचा साचा) पुष्कळ शब्दांच्या शेवटी -उस येतो, चौथीतल्यांच्याही येतो, आणि दोमुस दोन्हींकडून रूपे उचलतो. त्यामुळे एकच तक्ता पाठ करून हा शब्द चालवता येत नाही.

'घरी' दिसले की दोमी लिहू नका. मराठी भाषक इथे सहज फसतो. 'ती घरी आहे' आणि 'ती घरी जाते' या दोन्हींना आपल्याकडे एकच रूप पुरते. लॅटिनला पुरत नाही. असणे असेल तर सप्तमी: दोमी एस्त. जाणे असेल तर द्वितीया: दोमुम इत. 'घरून येते' म्हणायचे असेल तर पंचमी: दोमो वेनित. शंका आली की तेच वाक्य मनात संस्कृतात करून पाहा. गृहे आले तर दोमी, गृहम् आले तर दोमुम, गृहात् आले तर दोमो. या तिन्हींच्या आधी इन (आत), आद (कडे), एक्स (मधून) ही अव्यये लावायची नाहीत.

मग इन दोमो कुठे वापरायचे? 'घरी' आणि 'घरात' यांत आपण जो फरक करतो, साधारण तोच इथे आहे. दोमी म्हणजे घरी, इन दोमो म्हणजे त्या वास्तूच्या आत. 'माझ्या घरी' असे मालकीचे विशेषण आले तरी दोमी मेआए चालते. पण 'मोठ्या घरात' म्हणायचे असेल तर इन दोमो माग्ना असेच लिहा.

दोमे, दोमिस ही रूपे बनवू नका. एकवचन असे: दोमुस, द्वितीया दोमुम, चतुर्थी दोमुई, पंचमी दोमो, षष्ठी दोमूस, सप्तमी दोमी. अनेकवचनात प्रथमा दोमूस, द्वितीया दोमोस (कधी दोमूस), षष्ठी दोमुउम किंवा दोमोरुम, चतुर्थी-पंचमी दोमिबुस. प्लाउटुसच्या जुन्या नाटकांत दोमी हे षष्ठीचे रूपही सापडते, पण स्वतः लिहिताना ते सप्तमीपुरतेच ठेवा. खुद्द सम्राट ऑगस्टस षष्ठी एकवचनी दोमोस लिहीत असे, अशी नोंद त्याचा चरित्रकार सुएटोनियसने केली आहे, म्हणजे हा शब्द रोमन लोकांच्या तोंडीही एका साच्यात बसलेला नव्हता.

छापील लॅटिनमध्ये बहुधा ऱ्हस्व-दीर्घ दाखवत नाहीत, म्हणून दोमुस आणि दोमूस एकसारखेच दिसतात. अशा वेळी आधी क्रियापद पाहा. आर्देत (जळते) असेल तर एक घर, आर्देंत असेल तर अनेक. दोमिनुस दोमूस, म्हणजे घराचा धनी, यात ती षष्ठी.

लिंग स्त्रीलिंगी: दोमुस माग्ना, माग्नुस नव्हे. 'हात' या अर्थाचा मानुसही असाच.

दोन 'दम' एक समजू नका. दोमुसचे नाते संस्कृतातल्या घरवाचक दमाशी आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्तात अग्नी 'स्वे दमे', म्हणजे आपल्या घरी, वाढतो. दंपती या शब्दातही तोच दम आहे. शमदमातला दम मात्र सहसा वेगळ्या धातूचा मानतात. त्याचा लॅटिन भाऊबंद दोमारे, म्हणजे माणसाळवणे. तहसीलच्या कामात कानी पडणारे 'डोमिसाइल' दोमिकिलिउमवरून, म्हणजे पुन्हा दोमुसवरूनच आले.

प्रत्येक रोमन घर दोमुस नव्हते. शहरात एका कुटुंबाचे, मधल्या आत्रिउमभोवती (मुख्य दालनाभोवती) खोल्या असलेले घर ते दोमुस. भाडेकरूंच्या मजली इमारतीला इन्सुला म्हणत आणि गावाबाहेरच्या घराला विल्ला. नुसती इमारत सांगायची तर आएदेस. दोमुसमध्ये माणसेही येतात, कुळही येते, म्हणून दोमुस आउगुस्ताचे भाषांतर 'ऑगस्टसचे घर' न करता 'सम्राटाचे घराणे' असे करावे.