पुरळ ओसरल्यावर लघवीवर लक्ष: आयजीए व्हॅस्क्युलायटिसनंतरचे सहा महिने

पायांवरचे जांभळट ठिपके फिके पडले, घोट्याची सूज उतरली, मूल पुन्हा धावू लागलं, की घरातल्यांचा जीव भांड्यात पडतो. आणि नेमकं तेव्हाच लघवी तपासणं मागे पडतं. आयजीए व्हॅस्क्युलायटिसमध्ये लहान रक्तवाहिन्यांना सूज येते. त्वचा, सांधे आणि आतड्यांचा त्रास दिसतो किंवा दुखतो, म्हणून लगेच कळतो. मूत्रपिंडं मात्र दुखत नाहीत, आणि लघवीचा रंगही बहुतेक वेळा नेहमीसारखाच असतो. त्यामुळे त्यांच्यातला दोष, म्हणजे लघवीतून जाणारी प्रथिनं किंवा रक्त, शोधायचा तर लघवीत तपासणीची पट्टी बुडवूनच. (जुन्या केसपेपरवर या आजाराचं नाव हेनॉक-शोनलाइन पर्प्युरा किंवा एचएसपी असं असेल. 2012 मध्ये नाव बदललं, आजार तोच.)

सहा महिने का, तर 2005 साली 1133 मुलांच्या नोंदी एकत्र करून एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यात सुमारे 34 टक्के मुलांच्या लघवीत दोष आढळला. ज्यांच्यात आढळला, त्यांतल्या 85 टक्के मुलांमध्ये तो पहिल्या 4 आठवड्यांत दिसला, 91 टक्क्यांमध्ये 6 आठवड्यांत आणि 97 टक्क्यांमध्ये 6 महिन्यांत. लघवी शेवटपर्यंत स्वच्छ राहिलेल्या एकाही मुलाच्या मूत्रपिंडांना कायमची इजा झाली नाही. म्हणून सुरुवातीला दाट आणि पुढे विरळ, असं वेळापत्रक ठेवतात: पहिले 4 आठवडे दर आठवड्याला, 12व्या आठवड्यापर्यंत पंधरा दिवसांनी, मग सहा महिने होईपर्यंत महिन्यातून एकदा. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं सांगितलं असेल तर ते पाळा. आठवडे मोजायचे ते पहिला ठिपका दिसला त्या दिवसापासून. साधारण एक तृतीयांश मुलांमध्ये पुरळ पुन्हा उठतं. तसं झालं तर मोजणी पुन्हा पहिल्या आठवड्यापासून सुरू करा.

नमुना आणि पट्टी

पट्टीवर प्रथिनं आणि रक्त या दोन्हींचे चौकोन हवेत. फक्त साखर आणि कीटोन दाखवणारी पट्टी इथे निरुपयोगी. डबी उघडली की त्यावर तारीख लिहा, कारण उघडलेल्या डबीची मुदत बऱ्याचदा छापील मुदतीच्या आधीच संपते. डबी फ्रिजमध्ये किंवा न्हाणीघरात ठेवू नका. ओलावा लागला की चौकोनांचे रंग आधीच बदलतात.

लघवी सकाळची पहिलीच घ्या. काही निरोगी मुलांमध्ये उभं राहिल्यावर, खेळल्यावर लघवीतून थोडी प्रथिनं जातात आणि आडवं झाल्यावर थांबतात. दुपारच्या नमुन्यात ती दिसली की घरभर विनाकारण घबराट होते. ते टाळायचं तर झोपण्याआधी मुलाला लघवी करून यायला लावा आणि उठल्या उठल्या नमुना घ्या. आधीची थोडी लघवी सोडून मधली धार स्वच्छ, कोरड्या भांड्यात धरा. भांड्याला ब्लीच लागलेलं असेल तर पट्टी खोटं रक्त दाखवते, आणि क्लोरहेक्सिडीनसारख्या जंतुनाशकाचा अंश असेल तर खोटी प्रथिनं. व्हिटॅमिन सीच्या गोळ्यांनी याच्या उलट होतं, खरं रक्त लपतं. त्या सुरू असतील तर डॉक्टरांना सांगून तपासणीच्या आधी बंद ठेवा. पाळी सुरू असलेल्या मुलीचा नमुना ते दिवस संपल्यावर घ्या.

नमुना ताजाच तपासा. थोडा वेळ तसाच राहिला असेल तर हलकेच ढवळा, कारण रक्तपेशी तळाशी बसतात. पट्टी सेकंदभर पूर्ण बुडवून बाहेर काढताना तिची कड भांड्याच्या काठावर ओढा, कड टिश्यूला टेकवा आणि पट्टी आडवी धरा. उभी धरली तर एका चौकोनातलं रसायन दुसऱ्यात उतरतं. प्रथिनं आणि रक्त साधारण 60 सेकंदांनी वाचतात, तरी डबीवर दिलेली वेळच अंतिम. दोन मिनिटांनंतर बदललेल्या रंगाला काही अर्थ नाही. रंग दिवसाच्या उजेडात जुळवा आणि आकडा लगेच लिहा. मोबाइलच्या फोटोत रंग बदलतात, त्यामुळे फोटोवर विसंबू नका.

आकड्यांचा अर्थ

प्रथिनांचं 1+ म्हणजे डेसिलीटरला सुमारे 30 मिलिग्रॅम, 2+ म्हणजे 100, 3+ म्हणजे 300. पट्टी मोजते ते ठरावीक लघवीतलं प्रथिनांचं प्रमाण, एकूण गळती नाही. सकाळची लघवी गडद असते, त्यामुळे एखादं 'ट्रेस' (अगदी किंचित) किंवा 1+ ताप, दमणूक किंवा पाणी कमी प्यायल्यानेही येऊ शकतं. अशा वेळी पुढच्या दोन सकाळी पुन्हा तपासा. तिन्ही दिवस 1+ आलं तर प्रयोगशाळेत प्रथिनं आणि क्रिएटिनिन (स्नायूंत तयार होऊन लघवीतून बाहेर पडणारा पदार्थ) यांचं गुणोत्तर काढून घ्या, तेही सकाळच्या पहिल्याच लघवीतून. दोन वर्षांवरच्या मुलात ते मिलिग्रॅमला मिलिग्रॅम या मापात 0.2 पेक्षा कमी असायला हवं. 2 च्या वर गेलं तर प्रथिनगळती गंभीर आहे. पट्टीवर एकदाच 2+ किंवा जास्त दिसलं तरी तिसऱ्या सकाळची वाट पाहू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा. पट्टी स्वच्छ यावी म्हणून मुलाला आदल्या रात्री भरपूर पाणी पाजण्याचा मोह होतो. तसं केलंत तर पातळ झालेल्या लघवीत खरा दोष बुडून जाईल.

रक्ताच्या चौकोनावर सुटे ठिपके दिसतात ते अखंड रक्तपेशींचे. सगळा चौकोन एकसारखा हिरवा झाला तर रक्त जास्त आहे किंवा पेशी फुटल्या आहेत. डोळ्यांना न दिसणारं थोडं रक्त, प्रथिनं नाहीत आणि रक्तदाब नीट, अशा मुलांवर बहुधा फक्त लक्ष ठेवतात. मात्र हे डॉक्टरांना ठरवू द्या. प्रथिनं वाढत असतील किंवा आठवडेच्या आठवडे टिकून असतील तर मूत्रपिंडतज्ज्ञ हवेत. ते बायोप्सी, म्हणजे मूत्रपिंडाचा छोटा तुकडा काढून तपासणं, सुचवू शकतात, कारण आतली सूज किती आहे यावर औषध ठरतं.

रक्तदाबाकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं, आणि मोजला तरी अनेकदा दंडाला गुंडाळायच्या चुकीच्या मापाच्या पट्ट्याने. पट्ट्याच्या आतल्या फुग्याची रुंदी दंडाच्या घेराच्या किमान 40 टक्के हवी, लांबी 80 ते 100 टक्के. अरुंद पट्टा रक्तदाब खोटा वाढवून दाखवतो. मुलाला पाच मिनिटं शांत बसवा. पाठ टेकलेली, पावलं जमिनीला किंवा पाटाला लागलेली, उजवा हात हृदयाच्या पातळीवर. मिनिटाच्या अंतराने तीनदा मोजा आणि शेवटच्या दोन आकड्यांची सरासरी लिहा. मोठ्यांचं 120/80 लहान मुलांना लागू होत नाही. मर्यादा वय, उंची आणि मुलगा की मुलगी यावर ठरते. तुमच्या मुलाची मर्यादा डॉक्टरांकडून वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्या. त्याच वहीत तारीख, कितवा आठवडा, प्रथिनं, रक्त, रक्तदाब, वजन, नवे ठिपके आणि चालू औषधं हे रकाने आखा.

कशासाठी थांबायचं नाही

पोटात कळा येऊन मूल पाय पोटाशी घेत असेल, हिरवी उलटी किंवा शौचातून रक्त जात असेल तर तडक रुग्णालय गाठा. आतड्यात आतडं शिरलेलं असू शकतं. या आजारात ते अनेकदा लहान आतड्यातच घडतं, म्हणून सोनोग्राफी लागते. मुलाचं अंडकोश सुजलं, लघवी काळपट तपकिरी झाली किंवा कमी झाली, डोळ्यांभोवती सूज आली, तीव्र डोकेदुखी झाली किंवा आकडी (फिट) आली, तरीही तसंच.

सांधेदुखीला पॅरासिटामॉल वजनानुसार चालतं. आयबुप्रोफेन मात्र विचारल्याशिवाय देऊ नका. लघवीत दोष असताना किंवा शौचातून रक्त जात असताना ते टाळतात.

मूत्रपिंडं वाचवायला सुरुवातीपासूनच स्टेरॉइड का देत नाहीत, हा प्रश्न हमखास येतो. ते करून पाहिलं गेलं आहे. फिनलंडमधल्या 171 मुलांच्या चाचणीत (2006) पोटदुखी आणि सांधेदुखी कमी झाली, पण मूत्रपिंडांचा दाह टळला नाही. ब्रिटनमध्ये 352 मुलांवर झालेल्या चाचणीत (2013) 14 दिवस प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड दिलेल्या आणि न दिलेल्या मुलांच्या प्रथिनगळतीत वर्षानंतर फरक आढळला नाही. मूत्रपिंडांचा दाह सुरू झाल्यावर द्यायचं स्टेरॉइड ही वेगळी गोष्ट. तिथे त्याला जागा आहे. पण पोटदुखीसाठी स्टेरॉइड सुरू आहे म्हणून लघवी तपासायची गरज नाही, असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.

सहा महिने लघवी स्वच्छ राहिली तर एकदा प्रयोगशाळेत लघवी आणि दवाखान्यात रक्तदाब तपासून घ्या, मग वही बंद केली तरी चालेल. मधे कधीही दोष निघाला असेल तर सहा महिन्यांवर थांबू नका. काही मुलांना वर्षानुवर्षं तपासणी लागते. मुलगी असेल तर मूत्रपिंडांच्या दाहाची नोंद तिच्या कायमच्या फाइलमध्ये ठळक ठेवा. पुढे तिच्या गरोदरपणात रक्तदाब आणि लघवीतली प्रथिनं वाढण्याची शक्यता जास्त असते, आणि तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना हे पहिल्याच भेटीत कळायला हवं.