बंद पडलेली लाइटची माळ: आधी किती दिवे गेलेत ते मोजा

गणपतीत झकास चाललेली माळ दिवाळीला माळ्यावरून काढावी, तर निम्मी काळी. फेकण्याआधी नेमका कुठला भाग बंद आहे ते बघा. बिघाड कुठे शोधायचा ते त्यावरूनच कळतं.

सगळीच बंद? त्याच सॉकेटमध्ये मोबाइलचा चार्जर लावून बघा. चार्जर चालला, तर माळेची पिन सैल बसतेय का ते तपासा. मग कंट्रोलरची (लुकलुकण्याचे प्रकार बदलणारी) डबी. वायर डबीत शिरते तिथेच आतून तुटते, कारण माळ काढताना सगळे डबी धरून ओढतात.

अर्धीच माळ किंवा एकच रंग बंद असेल, तर डबीपेक्षा दिव्यावर संशय घ्या. 230 व्होल्टच्या माळेत दिवे गटागटाने सिरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक, जोडलेले असतात. गटातल्या एका एलईडीचा पाय तुटला की अख्खा गट विझतो. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत हे पाय गंजतात. पाणी वायरवरून ओघळून सर्वांत खाली लोंबणाऱ्या दिव्यात साचतं, म्हणून सुरुवात तिथून करा. मग ग्रिलला घासणारी वळणं बघा.

शोधायला 2032 नंबरचा 3 व्होल्टचा बटण सेल पुरतो. पिन सॉकेटमधून काढलेलीच हवी. दिवा 3 व्होल्टचा असला तरी चालू माळेतल्या उघड्या तारेला हात लागला तर घरच्या लाइनचाच झटका बसतो. बंद गटातला एकेक दिवा टोपणातून काढून सेल त्याच्या दोन पायांना लावा, नाही पेटला तर उलटा धरा. दोन्हीकडून न पेटणारा दिवा खराब. सगळे पेटले, तर दोष दिव्यांमधल्या वायरीत आहे. मल्टिमीटरच्या बीपवर (वायर अखंड असली की तो वाजतो) एकेक तुकडा तपासा.

नवीन एलईडी त्याच रंगाचा घ्या. पांढऱ्या-निळ्याला साधारण 3 व्होल्ट लागतात, लाल-पिवळ्याला 2. दिशाही जुन्यासारखीच ठेवा. नव्या एलईडीचा लांब पाय प्लसचा असतो. आणि श्रिंक स्लीव्ह (गरम केली की आवळून बसणारी नळी) वायरीत सोल्डरिंगच्या आधी ओवा (नंतर आठवलं की सगळं पुन्हा उसवावं लागतं). नुसती टेप दमटपणात सुटते. सुटा एलईडी मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिक बाजारात मिळतो. दिवा न बदलता तारा थेट जोडायच्या तर गटात एखाद-दुसराच. जास्त वगळले की उरलेल्यांवर ताण येऊन तेही जातात.

माळ लुकलुकते, हलवली की पेटते? तो सैल सांधा. हलवत हलवत जागा पकडा, मग पिन काढून तिथे सोल्डर करा.

यूएसबीवरच्या बारीक तांब्याच्या तारेच्या माळांमध्ये दिवे बहुधा पॅरलल, म्हणजे प्रत्येक दिवा दोन्ही तारांना स्वतंत्र जोडलेला, असतात. एक गेला तरी बाकी चालतात. सगळे गेले तर आधी अॅडॉप्टर बदलून बघा.

डबीला जळका वास असेल किंवा आत काळं पडलं असेल, तर ती उघडत बसू नका. डबीतून निघणाऱ्या वायरींची संख्या मोजून तेवढ्याच वायरींचा नवा कंट्रोलर आणा.